गिल्बर्टची टेकडी आणि दोराचं स्कीइंग

बॉस्टनकडची आपली मराठी मंडळी हिवाळ्यात स्कीइंगसाठी गाड्या भरून व्हरमाँट राज्यातल्या किलिंग्टनला जातात. वाटेत वुडस्टॉक लागतं. त्या गावाबाहेर एका कुरणाशी रस्त्यालगत एक फलक आहे, पण तिथे फारसं कोणी थांबत नाही. थांबायला हवं, असं मी आग्रहाने सांगेन. क्लिंटन गिल्बर्ट नावाच्या शेतकऱ्याच्या या उतारावर जानेवारी १९३४ मध्ये अमेरिकेतला पहिला ‘रोप टो’, म्हणजे स्की करणाऱ्यांना चढावर ओढून नेणारा फिरता दोर, चालला. फोर्ड मॉडेल टी गाडीचं इंजिन, सुमारे १,८०० फूट दोर आणि काही चाकं, एवढाच संसार. दिवसभराचं तिकीट एक डॉलर. त्याआधी कॅनडात क्वेबेकमधल्या शॉब्रिजला असाच दोर लागला होता, कल्पना तिथूनच आली. खुर्चीवाली लिफ्ट सन व्हॅलीला १९३६ मध्ये आली, म्हणजे त्याच्याही नंतर.

यंत्र दिसायला सोपं. रहाटाच्या माळेसारखा टोकं नसलेला दोर. एक बाजू वर जाते, दुसरी खाली येते. कसब सगळं तपशिलात. दोराला गाठ चालत नाही, कारण ती चाकाच्या खोबणीत अडकते. म्हणून दोन्ही टोकांचे पेड उलगडायचे, एका टोकाचा पेड काढत जायचा आणि त्याच खाचेत समोरच्या टोकाचा पेड बसवत न्यायचा. तिन्ही पेडांची टोकं एकाच जागी आणायची नाहीत, लांब लांब अंतरावर संपवायची. सांधा जाड झाला की चाकावर उड्या मारतो आणि तिथेच दोर झिजून तुटतो.

मनिला, म्हणजे नैसर्गिक धाग्यांचा दोर ओला झाला की आखडतो, सुकला की सैल पडतो. त्यामुळे ताण कायम ठेवायला एका टोकाचं चाक सरकतं ठेवून त्याला वजन टांगावं लागतं. ते नसेल तर सकाळी नीट चाललेला दोर दुपारी चाकावर घसरायला लागतो. दोरावर बर्फ धरला तरी तेच. रात्री दोर बर्फात गोठून बसतो. सकाळी माणसांनी उतारभर फिरून तो हाताने सोडवायचा, मगच इंजिन चालू करायचं.

उतारही पारखून घ्यावा लागतो. मध्ये फुगवटा असेल तर दोर बर्फात चर पाडत जातो. मध्ये खोलगट असेल तर ताणलेला दोर हवेत उचलला जातो आणि हलकी पोरं त्याबरोबर लोंबकळतात. दोन माणसांमधल्या दोराचं वजन हातांवरच येतं, म्हणून लहान मुलाच्या पुढे-मागे मोठं माणूस हवंच.

दोर पकडायचीही रीत आहे. स्की दोराच्या दिशेने, चढाकडे सरळ ठेवायच्या, दोर आधी हातमोज्यातून सरकू द्यायचा आणि मग हळूहळू मूठ आवळायची. एकदम पकडला की खांद्याला हिसका बसून माणूस तोंडावर आपटतो. दुसरा हात पाठीमागे नेऊन दोर धरायचा. लोकरी मोजे टिकत नाहीत, जाड चामडंच लागतं.

खरा धोका वेगळाच. पिळाचा दोर ताणाखाली स्वतःभोवती फिरतो आणि मफलर, मोकळे केस, सैल कोट गुंडाळून घेतो. अडकलेलं माणूस थेट वरच्या चाकाकडे ओढलं जातं. म्हणून चाकाच्या बरंच अलीकडे एक आडवी तार लावतात. तिला धक्का लागला की इंजिनचं इग्निशन तुटतं. ‘बरंच अलीकडे’ महत्त्वाचं आहे, कारण इंजिन बंद झालं तरी दोर त्याच क्षणी थांबत नाही.

या यंत्रात गावच्या मेकॅनिकला दुरुस्त करता येणार नाही असं काही नव्हतं. म्हणूनच न्यू इंग्लंडमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यात, गावोगाव, शाळांमागे, गोठ्यांमागे असे दोर लागले. तिथल्या बंद पडलेल्या स्की टेकड्यांची नोंद जेरेमी डेव्हिस १९९८ पासून ठेवत आहेत. त्यांच्या यादीत ६०० हून जास्त ठिकाणं आहेत.

हवामान बदललं म्हणून ही ठिकाणं गेली, हे सरसकट उत्तर मला पटत नाही. हिवाळे बेभरवशाचे झाले, हे खरंच. पण मोठ्या डोंगरांनी कृत्रिम बर्फ पाडून तो फटका झेलला. त्यासाठी तळं, पंप, कॉम्प्रेसर आणि पाइप लागतात, आणि डॉलरभर तिकिटावर चालणाऱ्या टेकडीला ते झेपणारं नव्हतं. महामार्ग झाले, लोक थेट खुर्चीवाल्या डोंगरांवर जाऊ लागले. त्यात विमा. स्ट्रॅटन या मोठ्या स्की डोंगरावर जखमी झालेल्या एका स्कीअरला १५ लाख डॉलर देण्याचा निकाल व्हरमाँटच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये कायम केला आणि साऱ्या धंद्याला विम्याची धास्ती बसली. उघड्या फिरत्या दोराच्या मालकाने हप्ता भरायचा कुठून?

दोर मात्र कालबाह्य झालेला नाही. न्यूझीलंडमधल्या ब्रोकन रिव्हर, क्रेगीबर्नसारख्या क्लबांच्या डोंगरांवर तो आजही चालतो. तिथे कमरेच्या पट्ट्याला दोरीने बांधलेला बिजागरीचा धातूचा चिमटा दोरावर आवळतात, त्याला ‘नटक्रॅकर’ म्हणतात. ओढ हातांऐवजी कमरेवर येते आणि चिमटा वाटेतल्या चाकांवरून सरकत जातो. फक्त चाक जवळ आलं की बोटं दोरावरून काढायची, हे पहिल्याच दिवशी प्रत्येकाला बजावून सांगतात.