सिद्राम म्हणजे बिघडलेला सीताराम नव्हे

भाचीच्या मुलाचं बारसं तोंडावर आलंय. पणजोबांचं सिद्राम हे नाव ठेवायचं ठरलं होतं, तेवढ्यात तिच्या सासरच्या ग्रुपवर एक मेसेज आला आणि सगळे बिचकले. मेसेज म्हणतो : सिद्राम हा मूळचा सीताराम, आदिलशाहीत बिघडला, बिघडलेल्या नावाचा अंक वाईट, मुलाची प्रगती खुंटते, म्हणूनच हल्ली हे नाव कुणी ठेवत नाही.

आधी अंकाचं बघू. अंकशास्त्रवाले हा अंक काढतात नावाच्या इंग्रजी स्पेलिंगवरून. ज्यांच्यावरून सिद्राम हे नाव आलं, त्या बाराव्या शतकातल्या सोलापूरच्या संत सिद्धरामेश्वरांच्या नावाचं बरंवाईट आता डी एक की दोन, यावर ठरणार! त्यावर मोठ्या माणसांनीही नाव बदलून घ्यावं, हा त्याच मेसेजातला फुकटचा सल्ला. बदला की. मग दहावीच्या सर्टिफिकेटवर एक नाव, आधारवर दुसरं, सातबाऱ्यावर तिसरं. प्रतिज्ञापत्र करा, राजपत्रात छापून आणा, पेन्शनसाठी 'तो मीच' म्हणून खिडकीखिडकीला पटवत फिरा. साडेसाती हीच. आणि प्रगती खुंटते म्हणे! शेजारच्या कर्नाटकात सिद्धरामय्या २०१३ ला मुख्यमंत्री झाले, २०२३ ला पुन्हा झाले.

आदिलशाहीचा मुद्दा तर उभाच राहत नाही. विजापूरची आदिलशाही सुरू झाली १४९० मध्ये. राघवांक या कन्नड कवीनं 'सिद्धराम चरित्र' लिहिलं ते तेराव्या शतकात. आदिलशाहीच्या दोनशे वर्षं आधी ज्या नावावर अख्खं काव्य झालं, त्यात सीताराम आला कुठून? सिद्धराम म्हणजेच सिद्धरामेश्वर, हे बसवण्णांच्या (महात्मा बसवेश्वरांच्या) काळातले शिवशरण, म्हणजे शिवभक्त संत, 'कपिलसिद्ध मल्लिकार्जुन' या नाममुद्रेनं वचनं लिहिणारे. सिद्धरामचं सिद्राम केलं ते आपल्याच तोंडानं. दर संक्रांतीला सिद्धरामेश्वरांच्या यात्रेत नंदीध्वजामागं चालणाऱ्या सोलापूरला हे सांगावं लागतंय, याचंच नवल.

हल्ली कुणी ठेवत नाही, यात थोडं तथ्य आहे, नाइलाजानं मान्य करतो. आमच्या वेळी एका वर्गात दोन-तीन सिद्राम असायचे, आडनावानं हाक मारावी लागे. आता पाळण्यात सिद्धांत नाहीतर सिद्धेश. पण ते अंकामुळे नव्हे. पोरं पुण्याला नोकरीला गेली, तिथं हे नाव त्यांना गावंढळ वाटायला लागलं, एवढंच.

भाचीला सिद्धांत आवडत असेल तर खुशाल ठेवावं. पण पणजोबांचं नाव मागं घ्यायचं कारण हा मेसेज असेल, तर बारशाला आलेल्या प्रत्येकाला मी राघवांक ऐकवणार आहे, जेवणाआधी.