बेसचं मल्टी-इफेक्ट पेडल आणि आपले मंडप

झूमचं बी१एक्स फोर घेतलं. बेस गिटारसाठीचं मल्टी-इफेक्ट पेडल, म्हणजे पायाशी ठेवून गिटारचा आवाज हवा तसा बदलणारा डबा. ओळखीतल्या काही जणांनी "कसं आहे, घेऊ का" असं विचारलंय. प्रत्येकाला वेगळं टाइप करण्यापेक्षा इथंच लिहितो. लांबेल. पाऊस आहे, कार्यक्रम बंद आहेत, मला वेळ आहे.

मत आधीच सांगून टाकतो, मग ज्याला पुढचं वाचायचं त्यानं वाचावं. कुडाळ, सावंतवाडी, मालवण, वेंगुर्ला या पट्ट्यात हळदीला, जत्रेला आणि नवरात्रात वाजवणाऱ्या बेसवाल्यानं हे किंवा असलं एखादं पेडल जरूर घ्यावं. मात्र यूट्यूबवरची पोरं ज्या आवाजांसाठी ते दाखवतात, त्यांच्यासाठी घेऊ नये. ते आवाज मंडपात चालत नाहीत. चालतं ते सगळं कंटाळवाणं असतं आणि त्याचा व्हिडिओ कुणी बनवत नाही.

आपल्याकडे बेस कसा वाजतो ते बघा. स्टेजवर बेसचा स्वतःचा ॲम्प नसतो. असलाच तर कीबोर्डवाल्यासोबत वाटून घेतलेला मॉनिटर. गिटारमधून निघालेली केबल स्टेज ओलांडून, खुर्च्यांच्या कडेनं, मंडपाच्या दुसऱ्या टोकाला मिक्सरवर जाते. तिथं साउंडवाला बसलेला असतो. त्याच्यासमोर ऑक्टोपॅड, ढोलकी, कीबोर्ड, गायकांचे माइक आणि मधूनच "वराच्या मामांकडून पाचशे एक रुपये बक्षीस" पुकारणारा निवेदक. बेसच्या चॅनलसाठी त्याच्याकडे एकच उपाय असतो, लो चं, म्हणजे खालचे सूर वाढवायचं, बटण उजवीकडे. लांबून आपण हातानं खूण केली की उत्तर ठरलेलं: "येता मरे, बरो येता!"

येतं काय, तर घुम्म. सूर कुठला लागला ते कळत नाही. बटण सातच्या पुढे गेलं की मंडपाची कनात हलते आणि लोकांना वाटतं बेस जोरात आहे.

यात साउंडवाल्याचा दोष कमी आणि भौतिकशास्त्राचा जास्त. चार तारांच्या बेसवरची मोकळी ई तार ४१ हर्ट्झवर वाजते, ए ५५ वर, डी ७३ वर, जी ९८ वर. आपल्याकडे भाड्यानं मिळणारे बरेच स्पीकरचे डबे पन्नास हर्ट्झच्या खाली दम सोडतात. म्हणजे ई तारेवरचा मूळ सूर डब्यातून नीट निघतच नाही. लो वाढवलं की सूर स्पष्ट होत नाही, ॲम्प्लिफायरची ताकद तेवढी खर्च होते. शिवाय त्याच पट्ट्यात ऑक्टोपॅडचा किक, म्हणजे मोठ्या ड्रमचा ठोका, बसलेला असतो. दोघं एकमेकांच्या अंगावर.

मग लोकांना बेसचा सूर कळतो तो कशानं? मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे जे उपसूर असतात, त्यांच्यावरून. ८२, १२४, १६५ हर्ट्झ कानावर पडले की मेंदू खालचा ४१ स्वतःच भरून काढतो. मोबाइलच्या इवल्याशा स्पीकरवर तो ४१ मुळीच वाजत नाही, तरी गाण्यातला बेस आपल्याला कळतो, तो असाच. म्हणून मंडपात ऐकू यायचं असेल तर खालचं थोडं कापायचं आणि मधलं थोडं उचलायचं. सांगून कुणाला पटत नाही. पेडलमध्ये करून दाखवलं की पटतं.

तर माझा मुख्य पॅच, म्हणजे पेडलमध्ये साठवलेली इफेक्टची जुळणी, असा आहे. आधी कॉम्प्रेसर, हलका, म्हणजे मोठे-लहान आवाज एका पातळीवर आणणारा. मग ईक्यू, म्हणजे खालचे-वरचे सूर कमीजास्त करणारा, त्यात सगळ्यात खालचा पट्टा उतरवलेला आणि २०० ते ८०० हर्ट्झच्या दरम्यान जरा उचललेला. मग जुन्या ट्यूब ॲम्पच्या नकलेचा थोडासा ड्राइव्ह, म्हणजे आवाज किंचित फाडणं. झालं. या पेडलात एका वेळी पाच इफेक्ट लावता येतात, मला तीन पुरले.

ड्राइव्हबद्दल थोडं. बेसला ड्राइव्ह म्हटलं की आपल्याकडचे जाणते लोक नाक मुरडतात, कारण त्यांना फाटलेला स्पीकर आठवतो. पण अगदी कमी ड्राइव्ह लावला, इतका की हेडफोनवर जेमतेम जाणवावा, तर तो नेमके वरचे उपसूर तयार करतो. एकट्यानं वाजवताना आवाज जरा खरखरीत वाटतो. बँड सुरू झाला की खरखर नाहीशी होते आणि सूर वर येतो. या पेडलातली ॲम्प मॉडेलं, म्हणजे नावाजलेल्या ॲम्पच्या आवाजाच्या नकला, मला याच कामासाठी आवडली. त्यात अँपेग एसव्हीटीची नक्कल आहे. मूळ एसव्हीटी १९६९ चा, तीनशे वॅटचा ट्यूब ॲम्प आणि त्याच्यासोबत दहा इंची आठ स्पीकर असलेलं कपाट. तो टेम्पोत चढवायचा तर ढोलपथक लागेल. नक्कल मूळच्या किती जवळ आहे यावर वाद घालण्यात मला रस नाही, मूळचा मी कधी वाजवलेला नाही. सरळ मिक्सरमध्ये लावल्यावर जो कोरडा, टोचणारा आवाज येतो तो यानं जातो, एवढं मात्र पक्कं.

दुसरी गोष्ट केबलची. पॅसिव्ह, म्हणजे सेल नसलेल्या, पिकअपचा (तारांचा आवाज पकडणाऱ्या भागाचा) सिग्नल कमजोर असतो. लांब केबलमधून जाताना त्यातले वरचे सूर केबलच पिऊन टाकते. मिक्सर मंडपाच्या टोकाला असेल तर बोटांचा टकटक आवाज, तारेची धार, सगळं वाटेतच संपतं. मध्ये कुठलंही चालू पेडल आलं की त्याच्यापुढचा सिग्नल दणकट होतो आणि पुढची केबल एवढं खात नाही. म्हणजे एकही इफेक्ट न लावता नुसतं मध्ये ठेवलं तरी फरक पडतो. आमच्या कीबोर्डवाल्यानं आधी "ह्यो खयचो डबो हाडलंस? वायफायचो?" म्हणून टिंगल केली होती. साउंड चेकला सगळे इफेक्ट बंद ठेवून वाजवलं तेव्हा तोच म्हणाला, आज तार बदलली का.

याला डीआय बॉक्सचा, म्हणजे लांबच्या केबलसाठी सिग्नल बॅलन्स्ड करून बाहेरची खरखर टाळणाऱ्या डब्याचा, पर्याय मात्र समजू नका. याला बॅलन्स्ड आउटपुट नाही. आउटपुटचा एकच जॅक आहे, त्यालाच मिक्सर आणि त्यालाच हेडफोन. मोठ्या मैदानात डीआय लागणारच.

आता गुणगुण. ही बेसवाल्याची खास व्यथा आहे. आपल्या विजेची कंपनं सेकंदाला ५०. ई तारेवर तिसऱ्या पडद्यावर वाजणारा जी, त्याची कंपनं ४९. म्हणजे वायरिंगमधली गुणगुण थेट आपल्या सुरांमध्ये येऊन बसते. जी मध्ये गाणं असेल तर कळतही नाही, एफ शार्पमध्ये असेल तर देवच वाचवो. त्यात मंडप जनरेटरवर गेला की कंपनं सरकतात आणि गुणगुणही बेसूर होते. नॉइज गेट, म्हणजे वाजवणं थांबलं की आवाज बंद करणारा इफेक्ट, लावून ही जात नाही, कारण तार वाजली की गेट उघडतो आणि गुणगुण त्याच्यासोबत आत येते. उपाय म्हणजे अर्थिंगचं वेटोळं होऊ न देणं, म्हणजे अर्थिंग दोन वाटांनी येऊ न देणं. हे पेडल चार एए सेलवर चालतं, त्यामुळे आपला स्टेजवरच्या विजेशी संबंधच उरत नाही. अर्थिंग फक्त मिक्सरकडून येतं, एकाच वाटेनं. लायटिंगवाल्याच्या एक्स्टेन्शन बोर्डात ॲडॅप्टर घालाल तर डिमरची करकर फुकट मिळेल. यूएसबीवर पॉवर बँकही चालते, मात्र काही पॉवर बँका एवढ्या कमी भाराला मोबाइल भरला असं समजून मध्येच बंद पडतात. घरी तपासून मगच स्टेजवर न्या.

खरं सांगायचं तर सेलवर चालणं हा एकच गुण मला आपल्या भागात अर्ध्या किमतीचा वाटतो. लाइट गेली तरी ट्यूनर चालू राहतो. जनरेटर सुरू होईपर्यंत निवेदक विनोद सांगतो, आपण शांतपणे तारा लावून घ्यायच्या.

बाकीचे इफेक्ट. सत्तरच्या आसपास आहेत, सगळ्यांबद्दल लिहिणार नाही.

ऑक्टेव्हर, म्हणजे वाजवलेल्या सुराला एक सप्तक खालचा सूर जोडणारा, मजेदार आहे, पण त्याला जागा कळावी लागते. मोकळ्या ई च्या खालचा सप्तक म्हणजे २० हर्ट्झ. तो कुणालाच ऐकू येत नाही, डब्याचा कागद मात्र हलतो. डी तारेवर सातव्या पडद्याच्या पुढे वाजवलं की छान भरतो. दोन तारा एकत्र वाजवल्या की गोंधळून बडबडायला लागतो. ऑटो वॉ, म्हणजे प्रत्येक सुराला "वॉ" असं बोलायला लावणारा, हा अमेरिकी बेसवादक बूट्सी कॉलिन्सच्या काळापासूनचा फंकचा आवाज, घरी वाजवताना उठावंसं वाटत नाही. हळदीत लावला तर पोरं नाचायची थांबून स्टेजकडे बघतात. कोरस, म्हणजे एक सूर अनेकांनी वाजवल्यासारखा भास देणारा, संथ मराठी भावगीताला चांगला, तोही वरच्या दोन तारांवरच. खालच्या तारांवर लावला तर सूर पातळ होतो. डीफ्रेट नावाचा एक आहे, तो फ्रेटलेस, म्हणजे पडदे नसलेल्या, बेसचा भास करून देतो. भासच, पण बरा. सिंथ बेसचे आवाज मला ओढूनताणून वाटले. ते कीबोर्डवाल्याच्या डाव्या हाताचं काम आहे, त्याला करू द्या.

उजवीकडचं एक्स्प्रेशन पेडल, म्हणजे पायानं पुढे-मागे दाबायची पट्टी, मी व्हॉल्यूमला लावून ठेवलंय. बक्षीस पुकारायला लागले की पाय मागे, पुकारून झालं की पाय पुढे. गाणं न थांबवता. सगळ्या पेडलात माझा सगळ्यात जास्त वापरला जाणारा भाग हाच. ज्यांना वॉ हवा असेल त्यांनी त्यावर वॉ लावावा. पाय न वापरणाऱ्यांनी बी१ फोर घ्यावं, आतून जवळपास तेच, फक्त पायाचं पेडल नाही.

कंपनीनं भरून दिलेले पॅच पहिल्या दिवशी ऐका, हसा, आणि सोडून द्या. ते घरात हेडफोनवर ऐकणाऱ्या माणसासाठी बनवलेले असतात आणि हे सगळ्याच कंपन्यांचं आहे. खाली भरपूर, वर चकचकीत, मध्ये खड्डा. मंडपात बेसचा ऐकू येणारा भाग नेमका त्या खड्ड्यात पडतो. शिवाय प्रत्येक पॅचचा आवाज वेगळ्या पातळीवर. पॅच बदलला की साउंडवाला दचकतो. पन्नास जागा आहेत, मी तीन-चारच भरल्यात आणि त्यांची पातळी सारखी करून घेतलीय. संगणकावरच्या गिटार लॅब या झूमच्याच सॉफ्टवेअरमधून हे काम सोपं पडतं. यूएसबीवरून रेकॉर्डिंग मात्र होत नाही. ते हवं असेल तर वेगळा इंटरफेस (गिटार संगणकाला जोडणारा डबा) घ्यावा लागेल, हे घेण्याआधी लक्षात असू द्या.

बांधणी प्लॅस्टिकची आहे. लोखंडी पेडलवाले मित्र याला खेळणं म्हणतात. मला आपल्या हवेत प्लॅस्टिकचं वावडं नाही. खाडीकाठच्या घरात पावसाळ्यात काय गंजत नाही ते सांगा. प्लॅस्टिक गंजत नाही. जॅक आणि सेलच्या कप्प्यातल्या पट्ट्या मात्र धातूच्या आहेत, तेव्हा जून ते सप्टेंबर सेल आत ठेवू नका, ते पाझरले की संपलं. पेडल घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा. जॅकमध्ये महिन्यातून एकदा नुसतं प्लग घालून काढा, तेवढ्यानंही वरचा गंजाचा थर पुसला जातो.

आता एक वाद मिटवतो, कारण कमेंटमध्ये येणारच आहे. "जेमर्सनकडे कुठलं पेडल होतं?" नव्हतं. मोटाउन या अमेरिकी रेकॉर्ड कंपनीच्या डेट्रॉइटमधल्या स्टुडिओत जेम्स जेमर्सन प्रिसिजन बेस थेट कन्सोलमध्ये, म्हणजे स्टुडिओच्या मिक्सरमध्ये, लावून वाजवायचा, जाड फ्लॅटवूंड (गुळगुळीत) तारा, ब्रिजपाशी स्पंज, आणि तारा तुटल्याशिवाय बदलायच्या नाहीत. आपल्याकडे आर. डी. बर्मनच्या रेकॉर्डिंगला टोनी वाझ बेस वाजवायचे, त्यांनाही पायाखाली सत्तर आवाज लागले नाहीत. कबूल. पण त्यांच्या केबलच्या दुसऱ्या टोकाला रेकॉर्डिस्ट होता, ज्याचं कामच बेसची पातळी सांभाळणं आणि त्याला गाण्यात बसवणं हे होतं. कॉम्प्रेसर आणि ईक्यू त्याच्या हाताशी होते. आपल्या केबलच्या दुसऱ्या टोकाला जो माणूस आहे, तो त्याच वेळी माइकची शिट्टी बंद करतोय, वरातीच्या डीजेशी फोनवर बोलतोय आणि चहा पितोय. रेकॉर्डिस्टचं निम्मं काम आपण आपल्या पायापाशी करून पाठवलं तर त्याचंही भलं.

आवाज उशिरा येतो का, असंही एकानं विचारलं. डिजिटल पेडलला काही मिलिसेकंद लागतात. हवेतून आवाज यायला मीटरमागे जवळपास तीन मिलिसेकंद लागतात. मॉनिटरपासून दोन पावलं मागे सरकलात तर तेवढाच उशीर होतो आणि त्याबद्दल आजवर कुणी तक्रार केलेली नाही.

माझा पॅच कुणाला हवा असेल तर मेसेज करा, फाइल पाठवतो. माझा बेस पॅसिव्ह आहे. तुमचा नऊ व्होल्टच्या सेलचा ॲक्टिव्ह असेल तर पेडलमध्ये शिरण्याआधी गिटारचा आवाज थोडा कमी करा, नाहीतर ड्राइव्ह जास्त लागेल आणि कॉम्प्रेसर सतत दाबून धरेल. पाच तारांचा बेस वाजवणारं आपल्याकडे कुणी असेल तर त्याच्याकडून ऐकायचंय, खालची बी तार ३१ हर्ट्झवर आहे, तिचं काय करता?