टेरेस कॉमन, ऊन माझं

रात्रीचे साडेअकरा वाजलेत. आत्ताच बेडरूमच्या पश्चिमेकडच्या भिंतीला हात लावून बघितला. गॅसवरून उतरवून दहा मिनिटं झालेला तवा जसा लागतो, तशी लागतेय. सूर्य मावळून साडेचार तास झाले! दिवसभराचं ऊन आमच्या स्लॅबमध्ये जिरवून तो बाबा आपला निघून गेला, आणि आता तो स्लॅब ते रात्रभर आमच्या डोक्यावर ओतत बसणार. पहाटे चारला जरा डोळा लागतो. साडेपाचला पाणी भरायला उठायचं.

आणि आमच्या फॅमिली ग्रुपवर काय चाललंय? मावसभावाने दुबईहून गाडीच्या डॅशबोर्डचा फोटो टाकलाय. 42. खाली तीन रडके चेहरे. त्याखाली अमेरिकेतल्या फिनिक्सहून आमच्या नणंदबाई: "आमचं अजून सुरू व्हायचंय, जूनमध्ये बघ." मग दोघांची जुगलबंदी, कोण जास्त भाजतंय याची. आणि शेवटी दोघांचं एकमत होतं ते एकाच वाक्यावर. "तुमचं बरंय बाई, पुण्याची हवा!"

पुण्याची हवा. माझी सटकते हे ऐकलं की.

ताई खोटं बोलत नाहीत, हे आधीच सांगते. 2023 साली फिनिक्समध्ये सलग 31 दिवस दुपारचा पारा 110 फॅरनहाइटच्या, म्हणजे आपल्या 43 अंशांच्या खाली आलाच नव्हता. पुढच्या वर्षी सलग 113 दिवस शंभर फॅरनहाइट किंवा त्याच्यावर. त्या सांगतात, गार पाण्याचा नळ सोडला तरी गरमच पाणी येतं, स्टिअरिंग ओव्हनचे हातमोजे घालून धरायचं, कुत्र्याला फिरायला न्यायचं तर पायांत बूट. हाल आहेत, मान्य. पण हे सगळं त्या 24 अंशांवर लावलेल्या घरात, सोफ्यावर बसून टाइप करतात. आणि आमचा दुबईकर तर बेसमेंटमधून बेसमेंटमध्ये जातो, त्याला ऊन दिसतं ते काचेतून. तिथे बसस्टॉपलासुद्धा एसी आहे. 15 जून ते 15 सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर कामगारांना राबवायचं नाही असा कायदाच आहे. तो किती पाळतात ते तिथला मजूर सांगेल, पण निदान कागदावर आहे. आपण वाळवंटात राहतो हे त्यांनी कबूल केलंय.

आम्ही कबूलच करत नाही. आमचं अजून "संध्याकाळी कसा गार वारा सुटतो" चालू आहे. कुठे सुटतो? मला पत्ता द्या, मी चटई घेऊन येते.

2019 च्या एप्रिलअखेरीस शिवाजीनगरला 43 अंश होते. ते शिवाजीनगरला, वेधशाळेत, झाडांच्या गराड्यात. मी राहते वडगाव शेरीत, जिथे गावातल्यापेक्षा अंश-दोन अंश जास्तच भरतात. बरं, वेधशाळेची इमारत जिथे आहे त्या चौकाचं नाव काय, तर शिमला ऑफिस! हवामान खातं 1928 मध्ये शिमल्याहून इथे आलं म्हणून. एप्रिलमध्ये दुपारी दोनला त्या सिग्नलला उभं राहून ती पाटी वाचावी, म्हणजे जखमेवर मीठ म्हणजे काय ते कळतं. शिवाय नियम असा की सपाटीवर पारा चाळिशीच्या पुढे जाऊन वर सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी जास्त भरला, तर त्याला उष्णतेची लाट म्हणायचं. आमची एप्रिलची सरासरीच अडतिसाच्या आसपास. म्हणजे 41 ला मी भाजून निघते, पण ती लाट नसते. ती आपली नेहमीची हवा.

आता कोणीतरी अभ्यासू सांगणार की 30 एप्रिल 1897 ला पुण्यात 43.3 होतं, ऊन काही नवीन नाही. माहितीये मला. त्या उन्हाळ्यात पुण्यात प्लेग होता आणि रँड होता, उन्हाकडे बघायला कोणाला सवड होती देव जाणे. पण तेव्हाचा माणूस वाड्यात राहत होता ना! हातभर जाडीच्या मातीच्या भिंती, वर माळा, त्याच्यावर कौलं, मधे चौक, चौकात हौद. आम्ही राहतो सहा इंची भिंतीच्या खोक्यात, पश्चिमेला भलीमोठी काचेची सरकती खिडकी. आणि त्या खिडकीसाठी बिल्डरने वेगळे पैसे घेतलेत. व्ह्यूचे. व्ह्यू म्हणजे समोरच्या काचेच्या ऑफिसची पाठ आणि तिच्यावर टांगलेले साठ-सत्तर एसी, सगळ्यांची तोंडं आमच्याकडे.

सिग्नलचं बघा. एकशे ऐंशी सेकंदांचा लाल दिवा. रस्ता रुंद केला, झाडं गेली, उरलं एक गुलमोहराचं झाड आणि तेही झेब्रा क्रॉसिंगच्या चाळीस फूट मागे. मग सगळ्या दुचाक्या त्याच्या सावलीत, कोंबड्या खुराड्यात बसाव्यात तशा अंगाला अंग लावून उभ्या. पुढे रिकामा रस्ता. मागून एसी गाडीवाला हॉर्नवर कोपर ठेवून बसलेला, की पुढे व्हा. का होऊ? काल एकाने काच दोन बोटं खाली करून मला विचारलं, "काय मॅडम, सिग्नल दिसत नाही का?" मी म्हटलं, "दिसतो ना. सावली पण दिसते." काच वर. माझ्या स्कार्फमधून त्याला माझा चेहरा दिसला नाही हे त्याचं नशीब.

आणि दुपारी एक ते चार दुकान बंद ठेवणाऱ्या पेठेतल्या लोकांवर आयुष्यभर विनोद केले आपण. मीही केले. आता म्हणते, शहाणी होती ती माणसं! अरबांनी ज्याचा कायदा केला, ते इथे पाटी लावून चालू होतं. मला ऑफिसात कोणी एक ते चार झोपू देतं का? मी दीडला क्लायंटकडे जाते, काळ्या सीटच्या स्कूटरवर. त्या सीटवर बसताना तोंडातून जे शब्द निघतात ते सासूबाईंपुढे उच्चारता येणार नाहीत.

घरी तरी सुख आहे का? गच्चीवर काळ्या प्लास्टिकच्या टाक्या. ताईंच्या गरम नळाचं कौतुक कसलं, दुपारी तीनला आमच्या सिंकचा नळ सोडा. परवा आईंनी पालक धुवायला घेतला. दोनदा पाणी बदललं आणि तिसऱ्यांदा चाळणी माझ्यासमोर धरून म्हणाल्या, "हा आता फोडणीला टाकला तरी चालेल, शिजलाय." पानं खरंच मऊ पडून काळपट झाली होती. अंघोळीला गार पाणी हवं असेल तर रात्रीच बादली भरून बाथरूममध्ये ठेवावी लागते. गीझर आम्ही मार्चमध्ये बंद केला, तो बंद आहे हे कोणाच्या लक्षातही आलं नाही. टँकरबद्दल बोलतच नाही. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर अशी चार-चार धरणं डोक्यावर असलेल्या गावात टँकर का लागतो, हा विषय काढला तर सकाळ होईल.

कूलर आहे. एप्रिलमध्ये कोरडी हवा असते तोवर चालतो, वाळ्याचा वास बरा येतो. मे अर्धा सरला की हवा दमट होते, मग तो नुसता आवाज करणारा ओला पंखा. एसी एकच, तो आईंच्या खोलीत, आणि साडेदहाला सगळ्या गल्लीने एसी लावले की ट्रान्सफॉर्मर राम म्हणतो. वीज कंपनीला फोन लावा, "आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे." मग आईंना हाताच्या पंख्याने वारा घालत मी ते संगीत ऐकत बसते.

पण खरा संताप मला उन्हाचा नाहीच आलाय. आलाय तो सोसायटीच्या मीटिंगचा.

तीन वर्षं मी एकच गोष्ट मागतेय. टेरेसला पांढरा रंग मारा. उन्हं परतवणारा, बाजारात मिळतो, रॉकेट सोडायला सांगत नाहीये मी. समोरच्या सोसायटीने मारला, त्यांच्या वरच्या मजल्यावरची माझी मैत्रीण रात्री पांघरूण घेते म्हणे. (थोडं वाढवून सांगते ती, पण तरी.) पहिल्या वर्षी तळमजल्यावरचे एक काका म्हणाले, "फायदा वरच्या चार फ्लॅटचा, पैसे सगळ्यांनी का द्यायचे?" बरं. मी म्हटलं, आम्ही चौघं देतो. लगेच सेक्रेटरी, "तसं करता येणार नाही, टेरेस कॉमन आहे, जनरल बॉडीची परवानगी लागेल." म्हणजे खर्चाच्या वेळी टेरेस माझं आणि परवानगीच्या वेळी सगळ्यांचं! दुसऱ्या वर्षी विषयपत्रिकेत शेवटचा मुद्दा होता, तोवर सामोसे आले. यंदा मी तयारीने गेले. अहमदाबादने 2013 मध्येच उन्हाळ्याचा आराखडा केला, पुढे वस्त्यांमधली छपरं पांढरी केली. तेलंगणाने 2023 मध्ये अशा छपरांचं धोरणच आणलं. सगळं वाचून दाखवलं. सेक्रेटरी काकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला, आणि म्हणाले, "अहो मॅडम, ते अहमदाबाद आहे. आपलं पुणं आहे. आपल्याकडे हवा चांगली असते."

हे ते क्लबहाउसमध्ये म्हणाले. एसी 18 वर होता. दोन बायकांनी शाल घेतली होती.

आज संध्याकाळी मी आणि नवऱ्याने जाऊन दोन पोती चुना, फेविकॉलचा मोठा डबा आणि काथ्याचे तीन ब्रश आणलेत. रविवारी पहाटे पाचला टेरेसवर चढणार. परवानगी गेली खड्ड्यात. किल्ली वॉचमनकाकांकडे असते. ते वरच राहतात, लिफ्टच्या मशीनरूमला लागून पत्र्याच्या खोलीत, बायको आणि दोन मुलांसकट. घाबरतील, नाही म्हणतील असं वाटलं होतं. त्यांनी पोत्यांकडे बघितलं, बोटाने चुना चाचपला आणि हळूच विचारलं, "ताई, उरला तर आमच्या पत्र्यावर मारू का?"

उरला तर कसला, पहिला हात तिथेच. त्यांनी शिडीही आणून ठेवलीय. नोटीस लावायची असेल तर लावा, बोर्ड लिफ्टशेजारी आहे.