मोरोक्कोतली नर्स, तिचं लग्न आणि तिची बदली : एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, तुमची प्रतिक्रिया सविस्तर होती आणि तिखटही, म्हणून खाली दोन ओळींत न उरकता स्वतंत्र उत्तर देते आहे. इथे मोरोक्कोत, एल जदीदा शहरात, आमच्या शेजारी राहणाऱ्या कुटुंबातल्या नर्स मुलीच्या लग्नावर मी लिहिलं होतं. त्यावर तुमचा आक्षेप असा, की नर्स थकते ती माणसं कमी आणि पगार तुटपुंजा म्हणून. त्यात लग्नाच्या रूढी आणून मी सरकारला मोकळं सोडलं आणि परक्या समाजाच्या घराकडे बोट दाखवलं. तुमची सगळी नोकरी सरकारी रुग्णालयात सिस्टर म्हणून गेली आहे. तुमचं म्हणणं मी वाऱ्यावर सोडणार नाही.

माणसं कमी आहेत याबद्दल वाद नाहीच. देशाला 32,000 डॉक्टर आणि 65,000 नर्सेस कमी पडतात, हा आकडा इथल्या सरकारी वर्तुळातूनच सांगितला गेलाय. सप्टेंबर 2025 मध्ये अगादीरच्या सरकारी रुग्णालयात सिझेरियननंतर आठ बायका दगावल्याची बातमी आली आणि देशभर तरुण पोरं रस्त्यावर उतरली. 2030 च्या विश्वचषकासाठी स्टेडियमं उभी राहताहेत, मग दवाखाने कुठे आहेत, हा त्यांचा सवाल होता. त्याआधी जुलै 2024 मध्ये रबातला मोर्चा काढणाऱ्या आरोग्य कर्मचाऱ्यांवर पोलिसांनी पाण्याचे फवारे मारले होते. हे सगळं बघून मी सरकारला मोकळं कसं सोडीन?

पण हेच सरकार नर्सच्या घरात कुठून शिरतं ते बघा. बदलीतून. ही मुलगी अझिलालच्या डोंगराळ भागातल्या आरोग्य केंद्रात बाळंतपणं करते आणि नवरा कासाब्लांकात नोकरीला. नवऱ्याच्या गावी बदली मागायची सोय इथेही आहे, आपल्याकडच्या ‘पती-पत्नी एकत्रीकरणा’सारखीच. तिने अर्ज केलाय. मात्र तिच्या जागी दुसरी हजर झाल्याशिवाय तिला सोडणार नाहीत, आणि त्या डोंगरात दुसरी येत नाही. सुट्टी मिळाली की ती आठ-नऊ तास बसने सासरी जाते, तिथे पाहुणे आलेले असतात, आणि नवी सून म्हणून ती पहिल्या दिवसापासून स्वयंपाकघरात. तुम्ही म्हणता तो तुटवडा असा तिच्या संसारात येऊन बसलाय. त्याला लग्नापासून वेगळं कसं काढायचं?

आता रूढींबद्दल. मी त्यांना दोष दिला असं तुम्हाला वाटलं, तर तो प्रसंग पुन्हा सांगते, कारण माझं म्हणणं अगदी उलट होतं. लग्न रात्री दहाच्या पुढे सुरू झालं ते पहाटेपर्यंत चाललं. ती आदल्या दिवशीच रात्रपाळी करून थेट आली होती. इथे नवरीला सजवायला नग्गाफा नावाची बाई असते. एका रात्रीत नवरीचे चार-पाच पोशाख बदलणं, दागिने, मुकुट, सगळं तिच्या हातात. तिसरा पोशाख चढवताना नवरी बसल्या जागी झोपली. नग्गाफाने डाव्या हाताने तिची हनुवटी तोलून धरली आणि उजव्या हाताने मुकुटाच्या पिना लावत राहिली. कुणी तिला हलवलं नाही. मग अम्मारियात, म्हणजे त्या पालखीत, बसवून चार जणांनी तिला खांद्यावर उचललं. हम्मामातलं स्नान, मेंदी, दूध-खजूर, त्या सगळ्या दिवसांत इतरांचं करणाऱ्या या मुलीचं कुणीतरी केलं. ही रूढी मला फार मोलाची वाटते.

माझी तक्रार आहे ती पाहुणे परतल्यावर सुरू होणाऱ्या दिवसांबद्दल, आणि तिथे बोट दाखवणारी मी पहिली नाही. मोरोक्कन बायकांच्या संघटना किती वर्षं हेच मांडताहेत. 2004 च्या कौटुंबिक कायद्याने, मुदव्वनाने, कुटुंबाची जबाबदारी नवरा-बायको दोघांवर टाकली. त्याचं 49 वं कलम तर सांगतं, की लग्नानंतर होणाऱ्या मिळकतीबद्दल जोडप्याला वेगळा करार करता येतो, आणि लग्न नोंदवणाऱ्या अदूलांनी ते दोघांना सांगायचं असतं. करार करणारी जोडपी मात्र फारच थोडी. लग्नाच्या तोंडावर पैशाची भाषा कोण काढणार? डिसेंबर 2024 मध्ये दुरुस्तीचे जे प्रस्ताव जाहीर झाले, त्यांत बायकोचं घरातलं काम हाही मिळकतीतला वाटा मानावा, असं आहे. घरकाम हे काम आहे, हे खुद्द या देशात कायद्याच्या पातळीवर बोललं जातंय. मग नर्सच्या थकव्याचा हिशोब करताना ड्युटी संपल्यावर वही का मिटायची?

पगार वाढला पाहिजे, भरती झाली पाहिजे, त्यात मी तुमच्याबरोबर आहे. पण उद्या भरती झाली तरी बदलीच्या यादीत नवरा-बायकोला वेगळं ठेवणारा आणि सुनेची सुट्टी पाहुण्यांत खर्ची घालणारा कारभार आपोआप बदलेल, हे मला पटत नाही.

शेवटी तुम्ही विचारलंत, आपल्या नर्सेस सोडून इतक्या लांबचं कशाला? मी इथे राहते, जे समोर दिसतं ते लिहिते. आपल्याकडचं तुम्हाला माझ्यापेक्षा कितीतरी जास्त माहीत आहे. तुमच्या रुग्णालयात एकत्रीकरणाचे अर्ज किती दिवस पडून राहायचे, आणि तोवर त्या मुली काय करायच्या, हे सविस्तर लिहून पाठवाल का? एक शब्दही न कापता इथे छापीन.