‘तेव्हा लोकल वेळेवर होत्या’: नेरुळच्या काकांना उत्तर

काका, नमस्कार.

युक्रेनमधल्या युद्धाविरोधात सभेत बोलले म्हणून तुरुंगात गेलेले मॉस्कोतले नगरसेवक अलेक्सेई गोरिनोव्ह यांच्यावरच्या माझ्या पोस्टखाली तुम्ही नेरुळहून सविस्तर प्रतिक्रिया दिलीत. बाकीच्या वाचकांसाठी तुमचे मुद्दे आधी मांडते. देशातली शिस्त आणि सीमेवरचं युद्ध या दोन वेगळ्या गोष्टी असून मी त्यांची खिचडी केली. युद्ध नाटोमुळे झालं. १९७१ मध्ये अमेरिकेने सातवं आरमार आपल्या अंगावर पाठवलं तेव्हा रशिया पाठीशी उभा राहिला, हे मी विसरले. इराकबद्दल मी गप्प बसले. मोठ्या देशाला कडक हात लागतोच; आणीबाणीत तुम्ही रोज ८.१२ च्या लोकलने ठाण्याहून व्हीटीला जायचात आणि गाडी कधी एक मिनिट चुकली नाही. आणि शेवटी, ठाण्यात बसून मॉस्कोची उठाठेव करण्यापेक्षा घोडबंदर रोडच्या खड्ड्यांवर लिहा.

तुम्ही वयाने मोठे आहात आणि चिडूनही मुद्दा सोडलेला नाहीत. मीही मुद्द्यालाच धरून लिहिते.

१९७१ मी विसरलेली नाही. ९ ऑगस्टचा मैत्री करार, डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत आपल्यासाठी वापरलेला नकाराधिकार, हे सगळं आमच्या घरात आदराने सांगितलं जायचं. पण तो हात सोव्हिएत संघाचा होता, आणि युक्रेन त्या संघातच होतं. आपल्या हवाईदलाची एएन-३२ विमानं किव्हमध्ये बनली. आपल्या नौदलाच्या तलवार वर्गातल्या युद्धनौकांची गॅस टर्बाइनं मिकोलाइव्हच्या कारखान्यातली. म्हणजे आपण ज्याचं देणं लागतो त्या घराच्या एका खोलीवर दुसरी खोली बॉम्ब टाकते आहे. कृतज्ञता खरी असेल तर आपला जीव दोन्हीकडे तुटायला हवा.

नाटोचं एका परिच्छेदात. नाटो पूर्वेकडे सरकत गेली आणि त्यावर पाश्चात्य देशांतल्याच जाणत्या मुत्सद्द्यांनी धोक्याचे इशारे दिले होते, हे मान्य. पण ४ एप्रिल २०२३ ला फिनलंड नाटोत गेला. त्याची रशियाशी सुमारे १,३०० किलोमीटरची सीमा आहे. मॉस्कोने निषेध केला, सैन्य घुसवलं नाही. नाटो दाराशी येणं हेच युद्धाचं कारण असतं तर असं झालं नसतं.

इराकवर मी गप्प नाही. २००३ चा हल्ला खोट्या कारणावर उभा होता. महासंहारक शस्त्रं सापडली नाहीत, आणि त्या देशाची जी धूळधाण झाली तिची शिक्षा कुणालाही झाली नाही. तो अन्याय आजही माझ्या मनात सलतो. मात्र त्याच युद्धातली एक गोष्ट तुमच्यासमोर ठेवते. ब्रिटनचे मंत्री रॉबिन कुक यांनी १७ मार्च २००३ ला युद्धाविरोधात राजीनामा दिला आणि सभागृहात उभं राहून कारणं सांगितली. ते पुढे खासदार राहिले. त्याच्या महिनाभर आधी लाखो माणसं लंडनच्या रस्त्यावर उतरली होती आणि मोर्चा संपल्यावर आपापल्या घरी गेली. त्यांना युद्ध थांबवता आलं नाही, हे खरंच. पण बोलल्याबद्दल त्यांची घरं उठली नाहीत.

आता गोरिनोव्ह. साठीचे गृहस्थ, मॉस्कोच्या क्रास्नोसेल्स्की भागातले नगरसेवक. १५ मार्च २०२२ ला त्यांच्या स्थानिक परिषदेची सभा होती आणि विषय होता लहान मुलांची चित्रकला स्पर्धा. युक्रेनमध्ये मुलं मरत असताना इथे स्पर्धा कसली भरवायची, आधी हे युद्ध थांबवायला बघू, अशा अर्थाचं ते बोलले. आपल्याकडे प्रभाग समितीच्या बैठकीत एखादा नगरसेवक विषयपत्रिका बाजूला ठेवून पोटतिडकीने बोलतो, तसंच. त्यांनी ‘युद्ध’ हा शब्द वापरला. सरकारी शब्द होता ‘विशेष लष्करी मोहीम’, आणि ४ मार्चलाच झालेल्या नव्या कायद्याप्रमाणे सैन्याबद्दल ‘खोटी माहिती’ पसरवण्याला पंधरा वर्षांपर्यंत कैद होती. ८ जुलैला त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली. या कलमाखाली तुरुंगात गेलेले ते पहिले. त्यांच्या एका फुप्फुसाचा भाग आधीच शस्त्रक्रियेने काढलेला आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये, कोठडीतल्या सोबत्यांशी झालेल्या बोलण्यावरून, त्यांना आणखी शिक्षा सुनावली गेली.

लोकमान्यांना १९०८ मध्ये ‘केसरी’तल्या अग्रलेखांसाठी सहा वर्षं मंडालेला पाठवलं, हे आपण मराठी माणसं शाळेपासून ऐकतो आणि अजूनही आपल्या मुठी वळतात. ते परकं सरकार होतं. गोरिनोव्हना त्यांच्याच सरकारने एका सभेतल्या भाषणासाठी सात वर्षं दिली. एकावर मुठी वळाव्यात आणि दुसऱ्याला ‘शिस्त’ म्हणावं, हे मला जमत नाही.

खिचडीबद्दल म्हणाल, तर माझा सगळा मुद्दा तोच आहे आणि पोस्टमध्ये मी तो नीट मांडला नव्हता. म्हणून इथे जरा ऐसपैस लिहिते.

रशियाने अशीच एक लढाई आधी केली होती. डिसेंबर १९९४ मध्ये तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष बोरिस येल्त्सिन यांनी रशियातून फुटू पाहणाऱ्या चेचन्यात फौजा घातल्या. ३१ डिसेंबरच्या रात्री चेचन्याची राजधानी ग्रोझनीवर हल्ला झाला आणि अठरा-एकोणीस वर्षांची पोरं रणगाड्यांत जळून मेली. तेव्हा एनटीव्ही ही खासगी वाहिनी होती. तिने ती प्रेतं, ते उद्ध्वस्त रस्ते घराघरात दाखवले. सैनिकांच्या आयांच्या समित्या होत्या. त्या आया डब्यात खाणं बांधून चेचन्यात गेल्या, कैदेतल्या आपल्या मुलांना शोधत फिरल्या, काहींनी मुलं परत आणलीही. निझनी नोव्हगोरोदचे राज्यपाल बोरिस नेम्त्सोव्ह यांनी आपल्या प्रांतात युद्धाविरोधात दहा लाख सह्या गोळा केल्या आणि येल्त्सिनना नेऊन दिल्या. निवडणूक तोंडावर होती. ऑगस्ट १९९६ मध्ये खासाव्ह्युर्तला करार होऊन ते युद्ध थांबलं. येल्त्सिन काही संत नव्हते. चेचन लढवय्यांनी फौजेला जेरीस आणलं होतं, हे तर आहेच. पण सामान्य माणसाला दिसत होतं, बोलता येत होतं आणि मत देता येत होतं, याचं वजन त्या करारात होतं.

पुढच्या पंचवीसेक वर्षांत काय काय घडलं ते पाहा, काका. २००१ मध्ये एनटीव्ही सरकारच्या नियंत्रणातल्या गाझप्रोम या वायू कंपनीच्या ताब्यात गेली. चेचन्यातले अत्याचार लिहिणाऱ्या पत्रकार आना पोलित्कोव्स्काया यांना ७ ऑक्टोबर २००६ ला त्यांच्याच इमारतीच्या लिफ्टमध्ये गोळ्या घातल्या. २०१२ मध्ये परदेशी पैसा घेणाऱ्या संस्थांना ‘परकीय हस्तक’ ठरवण्याचा कायदा आला. २०१४ मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या सैनिक-मातांच्या संस्थेने युक्रेनमधल्या जखमी आणि मृत सैनिकांबद्दल तोंड उघडलं आणि तिच्यावर तोच शिक्का बसला. २७ फेब्रुवारी २०१५ च्या रात्री नेम्त्सोव्ह, तेच सह्या गोळा करणारे, क्रेमलिनशेजारच्या पुलावर पाठीत गोळ्या लागून पडले. त्याच वर्षी मे महिन्यात शांतताकाळातल्या ‘विशेष मोहिमां’मध्ये झालेले सैनिकांचे मृत्यू हे सरकारी गुपित ठरवणारा हुकूम निघाला. डिसेंबर २०२१ मध्ये स्टालिनच्या बळींची नोंद ठेवणारी ‘मेमोरियल’ ही संस्था सर्वोच्च न्यायालयाने बरखास्त केली. दोन महिन्यांनी, २४ फेब्रुवारी २०२२ ला, रणगाडे निघाले.

हा क्रम मला झोपू देत नाही. दाखवणारा गेला, लिहिणारी गेली, मोजणारे गेले, आयांची तोंडं बंद झाली, आणि मग युद्ध आलं. आधीच्या वेळी ज्या ज्या हाताने युद्धाची लगाम धरली होती, तो प्रत्येक हात आधी तोडला गेला. तुम्ही जिला देशातली शिस्त म्हणता, ती माझ्या लेखी या युद्धाची पूर्वतयारी होती. युद्ध सुरू झाल्यावर पहिल्याच वर्षी, ओव्हीडी-इन्फो या संस्थेच्या नोंदींप्रमाणे, १९ हजारांहून जास्त लोक विरोध केला म्हणून पकडले गेले. म्हणजे रशियन माणूस गप्प नव्हता. पण त्याचा आवाज जिथे पोचून काही घडेल, अशी जागाच शिल्लक ठेवली नव्हती.

तुमचा कडक हाताचा मुद्दा मी टाळणार नाही. हल्ल्याच्या तीन दिवस आधी, २१ फेब्रुवारीला, पुतिन यांनी रशियाच्या स्वतःच्या सुरक्षा परिषदेची बैठक टीव्हीवर दाखवली. ती जरूर पाहा. परदेशी गुप्तचर विभागाचे प्रमुख सेर्गेई नारिश्किन उभे राहतात आणि अडखळतात. पुतिन त्यांना सर्वांसमोर दटावतात, नीट सांग म्हणून. ते इतके गोंधळतात की विचारलेलं सोडून भलतंच उत्तर देऊन बसतात आणि पुतिनना त्यांना दुरुस्त करावं लागतं. ज्या माणसाकडे देशातली सगळ्यात पक्की माहिती असायची, तो वर्गात छडीला भ्यालेल्या पोरासारखा उभा होता. अशा दरबारात ‘साहेब, किव्ह चार दिवसांत पडणार नाही’ हे कोण सांगणार? किव्हच्या उत्तरेला साठ-पासष्ट किलोमीटर लांबीचा वाहनांचा ताफा रस्त्यावर खोळंबून राहिला आणि एप्रिल उजाडेपर्यंत फौज तिथून मागे फिरली. मीडियाझोना हे स्वतंत्र रशियन वृत्तसंकेतस्थळ आणि बीबीसी यांनी मृत्युलेख, कबरी आणि नातेवाइकांच्या पोस्ट तपासून नावानिशी मोजलेल्या मृत रशियन सैनिकांचा आकडा एक लाखाच्या वर गेला आहे. युक्रेनची माणसं वेगळी. कडक हाताने स्वतःच्याच पोरांची ही गत केली. नोकरीच्या आमिषाने तिकडे जाऊन त्या फौजेत अडकलेले आपले तरुणही त्यात मेले. जानेवारी २०२५ मध्ये आपल्या परराष्ट्र मंत्रालयाने बारा मृत्यू सांगितले होते.

आणि आता लोकल.

माझा मामा शाळामास्तर होता, नौपाड्यात राहायचा. आणीबाणीत त्याला ‘मिसा’ या विनाचौकशी स्थानबद्धतेच्या कायद्याखाली उचललं. त्याने काय केलं होतं? शिक्षकांच्या एका बैठकीत सेन्सॉरशिपविरुद्ध बोलला होता. आजी शेजारी ‘गावाला गेलाय’ म्हणून सांगायची. सगळ्यांना माहीत होतं, पण कुणी विचारायचं नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्या वर्षी तीनच बायका आल्या. आजी एकदा त्याला भेटायला गेली. पहाटे उठून बेसनाचे लाडू बांधले, ठाण्याहून गाडी पकडली. गाडी वेळेवर सुटली आणि वेळेवर पोचली, हे ती स्वतः सांगायची. दारावर तिला भेट नाकारली. लाडूही घेतले नाहीत. परतीची गाडीही वेळेवर होती.

देशभरात सुमारे १ लाख १० हजार माणसं अशी विनाचौकशी आत होती, हा आणीबाणीतल्या अतिरेकांची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाचा आकडा आहे. कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून बोललेल्या दुर्गाबाई भागवतांनाही नंतर अटक झाली. एप्रिल १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की आणीबाणीत अटकेविरुद्ध दाद मागता येणार नाही. पाच न्यायमूर्तींपैकी एकटे हंसराज खन्ना विरोधात गेले. आपण एकवीस महिन्यांत सुटलो, कारण निवडणूक झाली आणि ती खरी होती. रशियाला ती सुटका मिळाली नाही. मला तिथल्या माणसांचं वाईट वाटतं ते याच नात्याने. त्यांच्यापासून आपण फार लांब आहोत असं मला वाटत नाही.

खड्ड्यांवर मी लिहिते, पुढेही लिहीन. पण तुम्हीच आठवा: तुमच्या महापालिकेत मे २०२० पासून आणि आमच्या मार्च २०२२ पासून कित्येक वर्षं प्रशासकच कारभार पाहत होते. नगरसेवक नव्हतेच. घोडबंदरच्या खड्ड्याबद्दल सभागृहात उभं राहून विचारणारं कुणी नव्हतं, आणि आपल्याला त्याची सवयही झाली. याची तुलना मी मॉस्कोशी करत नाही, तसं केलं तर गोरिनोव्हवर अन्याय होईल. पण नगरसेवकाने सभेत उभं राहून प्रश्न विचारणं किती मोलाचं असतं, हे ठाण्यात राहून मला कळलं. म्हणून त्यांच्यावर लिहिलं.

एक विचारायचं राहिलं. माझा मामाही त्या काळात ठाण्याहून सकाळच्या व्हीटी लोकलने जायचा, भायखळ्याच्या शाळेत. ८.१२ की त्याच्या पुढची, ते आता सांगायला कुणी नाही. पुढून तिसरा डबा, खिडकीशेजारची जागा, हातात कापडी पिशवी आणि घडी घातलेला पेपर. गाडीतला ग्रुप पक्का असायचा, रोजची माणसं रोजच्या जागी, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. १९७५ च्या जुलैनंतर तुमच्या डब्यातली एखादी नेहमीची जागा अचानक रिकामी झाल्याचं आठवतं का, काका? आठवत असेल तर इथेच खाली लिहा. माझी आई अजून आहे, तिला वाचून दाखवेन.