‘एक शिवी दिली तर काय बिघडतं?’ बदलापूरकरांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार बदलापूरकर. तुम्ही खाली नावाच्या जागी हेच लिहिलंय म्हणून मीही हेच वापरतो.

मी रेल्वेत स्टेशनमास्तर. मागच्या लेखात मी म्हटलं होतं की स्टेशनवर स्टाफला होणारी शिवीगाळ आणि रुळांवर जाणारे जीव हे दोन वेगळे विषय नाहीत. त्यावर तुम्ही लिहिलंत, "मास्तर, केबिनमध्ये बसून पॅसेंजरला अक्कल शिकवू नका. आम्ही रोज दीड तास दारात लटकतो, गाडी वीस मिनिटं लेट, अनाउन्समेंट नाही, पूल फलाटाच्या पार टोकाला. माणूस चिडणारच. एक शिवी दिली तर काय बिघडतं, पगार त्याचाच मिळतो. आणि रूळ ओलांडणारे मरतात त्यात शिव्यांचा काय संबंध? खरं सांगा, तुम्ही कधी रूळ ओलांडले नाहीत?"

दोनदा वाचलं. राग आला नाही, कारण यातलं अर्धं मी स्वतः ऑफिसात बसून वरच्यांना सांगत आलोय. पूल टोकाला असतो हे खरंच आहे. गुडघे गेलेल्या बाईने पन्नास-साठ पायऱ्या चढायच्या, पलीकडे तेवढ्याच उतरायच्या, सरकता जिना बंद, आणि समोर दहा पावलांवर दुसरा फलाट दिसतोय, तर ती खाली उतरणारच. 29 सप्टेंबर 2017 ला एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर चेंगराचेंगरीत 23 माणसं गेली, ती तर रूळ न ओलांडता पुलावरून जाणारी माणसं होती. 9 जून 2025 ला मुंब्र्याच्या वळणावर दारात लटकलेली माणसं शेजारून जाणाऱ्या गाडीच्या गर्दीला घासून खाली पडली, ती काही हौसेने लटकली नव्हती. अनिल काकोडकरांच्या रेल्वे सुरक्षा समितीने 2012 च्या अहवालात स्पष्ट लिहिलंय की देशात वर्षाला साधारण 15,000 माणसं रूळ ओलांडताना मरतात आणि त्यातली 6,000 च्या आसपास एकट्या मुंबईच्या उपनगरी मार्गावर. इंग्रजी अहवालात त्यांनी याला चक्क कत्तल म्हटलंय. तेव्हा चूक फक्त पॅसेंजरची असं मी कधीच म्हणणार नाही, मागच्या लेखातही म्हटलं नव्हतं.

पण शिव्यांचा काय संबंध हे विचारलंत ना, ते सांगतो.

नोकरीची पहिली काही वर्षं मी खानदेशात एका छोट्या स्टेशनवर होतो. तिथे मास्तर म्हणजे सगळंच, तिकीट तोच देणार, सिग्नल तोच देणार, कंट्रोलचा फोन तोच घेणार, सोबत एक पॉइंट्समन, म्हणजे रुळांचे सांधे बदलणारा आणि झेंडी दाखवणारा माणूस. स्टेशनच्या दोन बाजूंना दोन फाटकं होती आणि ती सिग्नलला जोडलेली नव्हती, म्हणजे फाटक उघडं असलं तरी सिग्नल पडू शकायचा, गाडीला वाट मिळायची. मधे फक्त माणसाचा शब्द. मी गेटमनला फोन करायचा, त्याने फाटक लावायचं आणि लावल्याची खूण म्हणून त्याच्याकडच्या छापील पानातला दोन आकडी नंबर मला सांगायचा, आम्ही त्याला प्रायव्हेट नंबर म्हणतो. दोन्ही फाटकांचे नंबर रजिस्टरला चढले की मग सिग्नल. एका दुपारी पॅसेंजर गाडी लेट होती, खिडकीवर एक माणूस गजांवर हात आपटत होता, सुरुवात गाडी कधी येणार इथून झाली आणि मग माझ्या आईवर गेला, बहिणीवर गेला, मागे उभी असलेली चार पोरं हसत होती. मी काही बोललो नाही. एका फाटकाचा नंबर घेतला, लिहिला, फोन ठेवला आणि सरळ सिग्नलकडे हात नेला. तेवढ्यात पॉइंट्समन म्हणाला, "साहेब, दुसऱ्या गेटचा नंबर?"

रजिस्टरचा तो रकाना कोरा होता. माझ्या डोक्यात मात्र तो भरलेला होता, मी शपथेवर सांगितलं असतं की दोन्ही नंबर घेतलेत म्हणून. फोन लावला तर गेटमन म्हणाला, थांबा साहेब, बैलगाडी मधेच आहे.

त्या माणसाला हे कधीच कळलं नाही. तो गाडी आली तशी बसून निघून गेला, कदाचित घरी जाऊन मास्तरला कसा झापला हेही सांगितलं असेल. माझे हात संध्याकाळपर्यंत थरथरत होते. शिवी झोंबली म्हणून थरथरत नव्हते, ती बैलगाडी डोळ्यांसमोरून जात नव्हती. तर बदलापूरकर, एका शिवीने हे बिघडतं. शिवी ऐकणारा माणूस त्याच क्षणी काय करत होता हे देणाऱ्याला माहीत नसतं आणि दिसतही नाही.

आता बहुतेक फाटकं इंटरलॉक असतात, फाटक लागल्याशिवाय सिग्नल पडतच नाही, हे फार चांगलं झालं. पण मग दुसरी गंमत नव्हे, दुसरा त्रास सुरू होतो. दिव्याचं फाटक तुम्ही रोज बघता. गेटमन फाटकाचा दांडा खाली घेतोय आणि शेवटची रिक्षा, मग तिच्या मागची बाईक, मग तिच्या मागची अजून एक बाईक घुसते, गेटमनने हात दाखवला तर त्याच्या अंगावर जातात. तोवर सिग्नल लाल आणि बाहेर लोकल उभी. त्या लोकलमधले हजारो लोक पुढच्या स्टेशनवर उतरून मास्तरला विचारतात, काय झोपा काढता काय.

2 जानेवारी 2015 तर तुम्हाला आठवत असेल. गाड्या बिघाडामुळे खोळंबल्या, दिव्याला लोक रुळावर उतरले, दगडफेक झाली, एका मोटरमनला मारहाण झाली. त्यानंतर मोटरमननी काम थांबवलं आणि सकाळी ज्यांना थोडा उशीर होणार होता त्यांचे कित्येक तास गेले. लोकांचा राग खोटा होता का? अजिबात नाही. पण बिघाड त्या मोटरमनने केला नव्हता, तो बिचारा त्याच गाडीत अडकलेला होता.

मोटरमनचंच सांगतो. त्याच्या हातात स्टेअरिंग नसतं, हे सगळ्यांना माहीत असतं पण रूळ ओलांडताना कुणाला आठवत नाही. बारा डब्यांची भरलेली गाडी इमर्जन्सी ब्रेक मारला तरी काही शे मीटर जाऊन थांबते. समोर माणूस दिसला की तो फक्त हॉर्न वाजवू शकतो आणि ब्रेक मारू शकतो, पुढचं सगळं काचेतून बघायचं. मी असे मोटरमन पाहिलेत जे माझ्या ऑफिसात येऊन अपघाताच्या मेमोवर सही करताना तारीख विसरले. आणि ओलांडणारा काही मूर्ख नसतो हेही सांगतो. मोठी वस्तू लांबून येताना आपल्या डोळ्यांना हळू वाटते, गाडी जेवढी वेगात असते तेवढी वाटत नाही, हा डोळ्यांचाच दोष आहे. म्हणून 2010 च्या सुमारास वडाळ्याला एक प्रयोग केला होता, ठरावीक अंतरावरचे स्लीपर पिवळे रंगवले म्हणजे गाडी त्यांच्यावरून किती भराभर येतेय ते कळावं, हॉर्न एक लांबलचक न देता दोन तुटक द्यायचा, आणि गाडीखाली येणाऱ्या माणसाच्या भेदरलेल्या चेहऱ्याचे मोठे फोटो तिथेच लावले. तिथले मृत्यू खरोखर कमी झाले होते. 1989 च्या रेल्वे कायद्यात कलम 147 आहे, रुळांवर घुसलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजारापर्यंत दंड, पण दंडाच्या पावतीने जे झालं नाही ते थोड्याशा पिवळ्या रंगाने झालं, मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते.

आणि एका गाडीचा आवाज दुसऱ्या गाडीचा आवाज गिळतो. 22 जानेवारी 2025 ला जळगाव जिल्ह्यात परधाड्याजवळ पुष्पक एक्सप्रेसमध्ये आग लागल्याची नुसती अफवा उठली, कुणीतरी चेन ओढली, माणसं घाबरून शेजारच्या रुळावर उतरली आणि त्या रुळावरून कर्नाटक एक्सप्रेस आली. डझनभर माणसं गेली. तो टापू माझ्या पहिल्या नोकरीचा, बातमी ऐकली त्या रात्री मला झोप लागली नाही.

तुम्ही लिहिलंय पगार त्याचाच मिळतो. नाही हो. माझ्या हाताखालच्या एका टीसी मुलीला फर्स्ट क्लासमध्ये सेकंडचा पास घेऊन बसलेल्या माणसाने असं काही ऐकवलं की मी ते इथे टाईप करू शकत नाही. तिने पावती पूर्ण फाडली, अक्षर एकदम सरळ, पैसे मोजून घेतले, आणि ऑफिसात येऊन खुर्चीवर बसल्यावर पाण्याचा ग्लास दोन्ही हातांनी धरला. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा त्याच गाडीला उभी. आता काही टीसींना बॉडी कॅमेरे मिळाले, बरं झालं, पण बाईमाणसाने तिकीट विचारलं म्हणून तिच्या छातीवर कॅमेरा लावायची वेळ यावी याचं मला वाईट वाटतं.

रुळावर काम करणारे तर तुमच्या डोळ्यांना दिसतही नाहीत. चावीवाला खांद्यावर हातोडा टाकून रोज आपल्या वाट्याचा रूळ पायी चालतो, रूळ घट्ट धरणारी एकेक चावी ठोकत, रूळ दुरुस्तीची गँग खडी ओढत असते आणि एक जण फक्त शिट्टी तोंडात धरून गाडीकडे डोळे लावून उभा असतो, त्याचं लक्ष चुकलं तर बाकीचे गेले. त्यांच्यावर चालत्या गाडीतून पानाच्या पिचकाऱ्या येतात, पाण्याच्या बाटल्या येतात, कुणी दारात उभं राहून मजेत टपली मारायला हात काढतं. 2025 च्या सप्टेंबरमध्ये नायगाव-भाईंदरच्या खाडीपुलावरून चालत जाणारा पाणजू बेटावरचा एक तरुण मुलगा लोकलमधून कुणीतरी खाडीत फेकलेला नारळ लागून गेला. फेकणाऱ्याच्या मनात पाप नसेल, त्याने निर्माल्य सोडलं असेल.

आता उपनगरात आल्यावरची एक गोष्ट, कारण तुम्हाला वाटेल मी फक्त पॅसेंजरबद्दलच्या तक्रारी सांगतोय. संध्याकाळी साडेसात, डाउन स्लोला, म्हणजे मुंबईहून बाहेर जाणाऱ्या धीम्या गाड्यांच्या रुळावर, एक मुलगा गाडीखाली आला, जिवंत होता, पाय गेला होता. मोटरमनने कळवलं, मी मेमो लिहिला, हमालांना आवाज दिला तर दोनच हजर, बाकीचे दुसऱ्या फलाटावर. स्ट्रेचरला चार माणसं लागतात. गाडी उभी, पंधरा-वीस जण मला घेरून, गाडी कधी सोडणार, नाटकं बंद करा, एकाने खिशाला धरलं, बटण तुटलं. मी म्हटलं, खाली मुलगा जिवंत आहे आणि मला दोन माणसं हवीत. एकदम शांतता झाली. मग ज्याने खिशाला धरलं होतं त्यानेच बॅग बायकोकडे दिली आणि खाली उतरला, त्याच्यामागे अजून एक कॉलेजचा पोरगा. मुलाला उचलताना त्या माणसाच्या पांढऱ्या शर्टला कोपरापर्यंत रक्त लागलं, तो सारखा "झालं बाळा, झालं" म्हणत होता. अँब्युलन्स स्टेशनबाहेर उभी होती. मुलगा वाचला. गाडी अकरा मिनिटं लेट सुटली.

ती अँब्युलन्स तिथे का होती माहितीये? रेल्वे अपघातात दोन्ही पाय गमावलेले समीर झवेरी वर्षानुवर्षं हायकोर्टात भांडत राहिले म्हणून. स्टेशनांवर तातडीच्या उपचाराच्या खोल्या आल्या त्यामागेही तेच. त्यांना राग कमी होता का? तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त असेल. म्हणून तुम्हाला विनंती, तो टोकाचा पूल, ते बंद जिने, ती न होणारी अनाउन्समेंट, हे सगळं तारीख-वेळ टाकून लिहून द्या, स्टेशनवर तक्रारवही मागा, ती देणं आमच्यावर बंधनकारक आहे, रेल मदतवर टाका, 139 ला फोन करा, प्रवासी संघटनेत जा. कुणी स्टाफ उद्धट बोलला तर त्याचीही तक्रार करा, आमच्यात असे आहेत, मी नाकारत नाही. वहीतल्या तक्रारीला वरून उत्तर मागितलं जातं आणि मास्तरला ते द्यावंच लागतं. खिडकीवरच्या शिवीचं उत्तर कुणीच मागत नाही, ती तिथेच विरते आणि पूल होता तिथेच राहतो.

17 एप्रिल 2021 ला वांगणीला अंध आईचा हात सुटून फलाटावरून पडलेल्या मुलाला वाचवायला मयूर शेळके गाडीसमोर धावला, तो व्हिडिओ तुमच्या बदलापूरच्या पुढच्याच स्टेशनचा, तुम्ही नक्की पाहिला असणार. तो पॉइंट्समन. माझा कोरा रकाना ज्याने पकडला तोही पॉइंट्समन. गाडी लेट झाली की सगळ्यात आधी शिव्या खाणारा तोच, कारण झेंडी घेऊन फलाटावर तोच उभा असतो.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न. ड्युटीवर हजारदा ओलांडले, ते कामच होतं. ड्युटी नसताना एकदा. मुलीला ताप होता, औषधं घेऊन घरी निघालो होतो, पूल लांब होता, तुम्ही म्हणता तसाच. स्लोची गाडी जाऊ दिली आणि तिचा शेवटचा डबा सरकला तसं पाऊल टाकलं. मागून कुणीतरी दंड इतका जोरात ओढला की पिशवी खडीत पडली, आणि अप फास्ट, म्हणजे मुंबईकडे जाणारी जलद गाडी, माझ्यासमोरून गेली. गँगचा मुकादम होता, मला ओळखणारा. तो काहीच बोलला नाही. औषधाची बाटली फुटली नव्हती, ती त्याने उचलून पुसली, माझ्या हातात दिली आणि पुलाच्या पायऱ्यांपर्यंत माझा दंड धरूनच चालला.