डावा हात

वीस वर्षं झाली, मी आमच्या भजनी मंडळात पेटी वाजवतो. खरं सांगायचं तर उजवा हातच वाजवतो. डावा नुसता भाता मारतो, आणि तेवढ्यावरच तो खूश असतो.

दिवाळीत पोरगा पुण्याहून ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड घेऊन आला. सोबत स्कॉट जॉप्लिन या अमेरिकन संगीतकाराच्या १९०२ सालच्या 'द एंटरटेनर' या पियानोवरच्या चालीची सोपी करून छापलेली पानं. "बाबा, पांढरी एकमधलंच आहे. तुम्हाला काय अवघड?" असं म्हणून तो सुट्टी संपवून निघूनही गेला.

हिंगणघाटच्या बाजूचं आमचं गाव. इथं नवीन आवाज लपत नाही. दुसऱ्याच दिवशी आमचे बुवा ओट्यावर येऊन टेकले.

"काय वाजवून रायले गा?"

"रॅगटाइम, बुवा."

"राग ठीक हाये. पण टाइम कोन्ता? सकायचा का संध्याकायचा?"

मी म्हटलं, अमेरिकेतला आहे. "मंग आपल्या इकडं रात्री वाजव," असं सांगून ते चहा पिऊन गेले.

उजव्या हाताचं मला समजलं. रे, कोमल ग, शुद्ध ग आणि तिथून थेट तार सा. पण हा सा ठोक्यावर येत नाही. ठोका पडून गेला की मागून येतो, पंगत उठल्यावर आलेल्या पाहुण्यासारखा. ठोका धरायचा डाव्यानं: खाली एक खर्जाचा सूर, लगेच वर उडी मारून दोन-तीन सुरांचा गुच्छ, परत खाली. धुम-चक, धुम-चक. सोप्या आवृत्तीत या उड्या आखूड केल्यात म्हणे. माझा डावा तेवढ्याही घेईना. जरा चाल रंगात आली की तो कीबोर्डच्या मागं जाऊन भाता शोधायचा. तिथं भाता नसतो, तांब्या असतो. तीनदा सांडला. चौथ्यांदा बायकोनं तांब्याच उचलून नेला. "अवो, त्या हाताले बांधून ठेवा नं!"

जॉप्लिनसाहेबांनी आपल्या कित्येक रॅगांवर 'हे जलद वाजवू नका' असं छापूनच ठेवलंय. माझ्याइतकं हे कोणी पाळलं नसेल. एक ओळ वाजवेस्तोवर कुकरच्या तीन शिट्ट्या होत. लाइन गेली की सेल टाकून वाजवायचो. अंधारात चुका कमी व्हायच्या. का, ते विचारू नका.

कापूस घरात येईस्तोवर मात्र डावा हात उडायला लागला. चांगला उडायला लागला. मी खूश.

गुरुवारी भजनाला बसलो. खंजिरी तापली, बुवांनी अंतरा उचलला, आणि माझा डावा हात आपणहून खर्जावर गेला. धुम. चक. धुम. चौथ्याला पेटीनं दम सोडला. भात्यावर कोणीच नव्हतं.

बुवांचा सूर एकटाच वर लटकलेला. तो तसाच धरून त्यांनी माझ्याकडं पाहिलं.

"आला वाटते टाइम."